बेणे पारखून घेता, मग मासोळी का नाही?

– ऊस विकास अधिकारी



या अंकासाठी खोडव्याच्या व्यवस्थापनावर चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळाची सूचना होती. खोडव्यावर पुढच्या अंकात जरूर लिहीन. आज मात्र मासोळीवर लिहितो आहे. ऊसवाल्या माणसाने मासोळीत कशाला तोंड घालावे, असे काहींना वाटेल. पण मागच्या महिन्यात माजरी गटाच्या बैठकीनंतर जो प्रसंग घडला, त्याने माझी झोप उडवली, म्हणून हा लेखनप्रपंच.

बैठक आटोपली, चहा झाला आणि एक सभासद बाजूला घेऊन गेले. मोटारसायकलच्या हँडलला पाण्याचा डबा अडकवलेला. झाकण काढले तर आत तीन मासे. अंग काळपट, त्यावर शेंदरी ठिपके आणि शेपटीजवळ डोळ्यासारखा गोल डाग. वीतभर लांब, अंगाने भरलेले. सभासद म्हणाले, "साहेब, ह्या अमेरिकेच्या मासोया हायेत. पोराने नागपूरला काचेच्या पेटीत पोसल्या होत्या, आता पेटीत मावत नाही. दुकानदार म्हणते, ह्या बारीक मासोया साफ करते. आमच्या बोडीत चिलापी लय झाली ना जी, मग सोडून देऊ का? चिलापीबी जाईन आन् ह्याबी जगतीन."

प्रश्न साधा होता. माणूसही भला. पोराने जीव लावून वाढवलेले मासे मरू नयेत आणि बोडीची पीडाही जावी, एवढीच त्यांची इच्छा. पण मला चटकन उत्तर देता आले नाही, कारण वीस वर्षांपूर्वी असाच एक डबा मी स्वतः रिकामा केला होता. आधी तेच सांगतो.

माझा गुन्हा

कृषी पदविका घेऊन मी नुकताच नोकरीला लागलो होतो. अंगात नव्या शिक्षणाचे वारे. आमची अर्ध्या एकराची बोडी, वडिलांच्या हातची. त्यात पावसाळ्यात नाल्यातून चढून आलेले मासे असत. मरळ, शिंगी, वाम आणि नावे माहीत नसलेल्या बारीक मासोळ्या. उन्हाळ्यात पाणी आटले की घरापुरते आणि शेजाऱ्यापुरते निघत. मला ते मागासलेपणाचे वाटे. एका फिरत्या विक्रेत्याकडून मी चिलापीची पाचशे पिल्ले घेतली. "खाद्य नको, औषध नको, मरत नाही, वर्षात दुप्पट-चौपट," असे तो म्हणाला. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. घोटाळा तिथेच होता.

पहिल्या वर्षी सगळ्या गल्लीने चिलापी खाल्ली आणि माझे कौतुक केले. दुसऱ्या वर्षी जाळे जड लागू लागले, पण मासा तळहातापेक्षा मोठा निघेना. तिसऱ्या वर्षी बोटभर लांबीच्या मासोळीच्या पोटात अंडी! मी रोहू-कटल्याची हजार बोटुकली आणून सोडली. वर्षअखेर जेमतेम काही डझन हाती लागली, तीही खंगलेली. उन्हाळ्यात बोडी आटली तेव्हा तळाला थाळीएवढे गोल खड्डे दिसले, एकाला एक लागून. ते चिलापीच्या नरांनी अंडी घालण्यासाठी उकरलेले. सगळा तळ तिने सातबाऱ्यावर चढवून घेतला होता.

गोष्ट इथेच थांबली असती, तर तो माझ्या घरचा तोटा होता. पण त्या पावसाळ्यात बोडीचा सांडवा फुटला. पाणी नाल्याला, नाला खालच्या गावच्या तलावाला. तो तलाव ढिवर बांधवांच्या मच्छीमार सोसायटीने ठेक्याने घेतलेला. दोन वर्षांनी तिथला एक म्हातारा ढिवर मला बाजारात भेटला. ओरडला नाही, भांडला नाही. इतकेच म्हणाला, "साहेब, तुमची बोडी भरली, आमचं जाळं मात्र रिकामं झालं जी." त्याच्या टोपलीत अंगठ्याएवढी चिलापी होती. तिला भाव नव्हता. ज्या मरळीवर त्याचे घर चालायचे, ती दिसत नव्हती.

मरळ जायला एकटी चिलापी कारण नाही, हे मला माहीत आहे. तलावात गाळ भरला, काठ बेशरमीने वेढला, शेतातली औषधे वाहून आली. पण त्या बोज्यात माझीही एक टोपली होती, आणि ती मला परत उचलता आली नाही. ऊस बिघडला तर नांगर घालून मोडता येतो. नाल्यात गेलेला मासा नांगरता येत नाही.

एकाच कुळातली मंडळी

आता त्या डब्याकडे येऊ. सभासदांनी आणलेल्या माशाला ऑस्कर म्हणतात. तो दक्षिण अमेरिकेतल्या अॅमेझॉन नदीच्या खोऱ्यातला. शोभेच्या माशांच्या बाजारातून तो जगभर पोचला. आपली चिलापी, म्हणजे तिलापिया, आफ्रिकेतली. दोघांत समुद्र आडवा असला तरी कूळ एक. त्या कुळाला शास्त्रात सिक्लिड म्हणतात. म्हणजे चिलापीला हाकलण्यासाठी तिच्याच चुलतभावाला घरात घ्यायचे, असा तो बेत होता.

या कुळाचा खरा गुण म्हणजे पिलांची राखण. रोहूची मादी लाखांनी अंडी सोडते आणि निघून जाते. बहुतेक अंडी-पिल्ले मरतात, थोडी वाचतात. चिलापीची मादी थोडकी अंडी घालते, पण ती तोंडात धरून ठेवते. पिल्ले बाहेर पडली तरी धोका दिसताच पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. ऑस्करचे जोडपे सपाट दगडावर अंडी घालून दोघे मिळून पहारा देते. शिवाय या कुळाच्या घशात जबड्यांचा दुसरा संच असतो. तोंडाने पकडायचे आणि घशाने दळायचे. त्यामुळे शेवाळ, किडे, दुसऱ्याची अंडी, पिल्ले, जे मिळेल त्यावर ते निभावतात.

दुसरा फरक आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. रोहू आणि कटला हेही मूळचे उत्तरेकडच्या नद्यांचे. पण त्यांना अंडी घालायला पावसाळ्याचे वाहते पाणी लागते. बोडीच्या साठल्या पाण्यात त्यांची पैदास सहसा होत नाही. म्हणून किती बीज सोडायचे, ते आपल्या हातात राहते. चिलापीला वाहते पाणी लागत नाही, ऋतू लागत नाही. ऊब असली की दोन-तीन महिन्यांची पोरगीच आई होते आणि वर्षातून अनेक वेळा होते. मासे वाढत जातात, मासा वाढत नाही.

या कुळाला मी दोष देत नाही, बरे का. याच कुळातला एक मासा आपल्या कोकण-गोव्याच्या खाड्यांत आहे. गोव्यात त्याला कालुंदर म्हणतात, केरळात करिमीन. केरळ सरकारने २०१० साली त्याला राज्याचा मासा ठरवले. तो तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहे, कारण त्याला खाणारेही तिथेच आहेत आणि त्याच्याबरोबर वाढलेले शेजारीही. आपल्या घरी प्रत्येकजण शहाणा असतो. बाहेर आल्यावर त्याला आवरणारे कोणी नसते, तिथे बिघडते.

चिलापी आली कशी

चिलापी आपल्याकडे कुणा चोराने आणली नाही. चांगल्या हेतूनेच आली. जावा बेटावर ही आफ्रिकी मासोळी १९३९ च्या सुमारास आढळली. तिथून आशियाभर तिची वाटणी झाली. दुसरे महायुद्ध संपले, अन्नाची टंचाई होती, प्रत्येक देशाला स्वस्त मासळी हवी होती. १९५२ साली ती श्रीलंकेहून भारतात आली. भात पिकत नाही तिथेही मासा पिकेल, असे तेव्हा वाटले. पण सातच वर्षांत, १९५९ साली, मत्स्य संशोधन समितीला तिच्या प्रसारावर बंदी घालावी लागली. तोवर ती तलावा-तलावात पोचली होती. बंदीचा कागद माशाला वाचता येत नाही.

पुढे सुधारित जातीची चिलापी आली. २००९ साली केंद्राने काही अटींवर तिच्या शेतीला परवानगी दिली. नोंदणी हवी, पैदास होऊ नये म्हणून नर-नर पिल्लेच असावीत, आणि पाणी बाहेर जाण्याच्या वाटेवर जाळ्या हव्यात. अटी वाचल्या की समजते, परवानगी देणाऱ्यालाही हिची धास्ती आहे.

पनामाचा 'सार्जंट'

"चिलापीला खाणारा मासा सोडला तर?" हा सभासदांचा प्रश्न मुळीच अडाणी नाही. मोठमोठ्या देशांनी तो केला आहे. त्याचे उत्तर पनामात मिळते.

पनामाचा कालवा खोदताना चाग्रेस नदी अडवून गाटुन नावाचा मोठा तलाव केला गेला. त्या खोऱ्याच्या वरच्या बाजूला एका तळ्यात अॅमेझॉनकडचा एक शिकारी मासा आणून ठेवला होता. तोही याच सिक्लिड कुळातला. इंग्रजीत त्याला पीकॉक बास म्हणतात, म्हणजे मोरासारखा. पनामाच्या लोकांनी त्याचे नाव ठेवले सार्हेंतो, म्हणजे सार्जंट. अंगावरचे पट्टे पाहून ठेवले असावे. गळाला लागला की झुंज देतो आणि खायलाही चवदार, म्हणून हौसेने आणला. १९६७ च्या सुमारास तो तळ्यातून सुटला आणि गाटुनमध्ये उतरला.

पुढे थॉमस झारेट आणि रॉबर्ट पेन या दोन शास्त्रज्ञांनी तलावाचा अभ्यास करून १९७३ साली आपले निष्कर्ष छापले. तलावात पूर्वी सहज मिळणाऱ्या आठ जातींपैकी सहा जाती सार्जंट पोचलेल्या भागातून जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. बारीक मासे गेले तसे त्यांच्यावर जगणारे पक्षीही कमी दिसू लागले. डासांच्या अळ्या खाणारे मासे गेल्यामुळे मलेरियाच्या डासांचे काय होईल, अशी शंकाही त्यांनी बोलून दाखवली. आणि हे सगळे पाच-सहा वर्षांत! इतक्या अवधीत आपले उसाचे दोन खोडवे होतात.

यावर कोणी म्हणेल, कालांतराने निसर्ग आपले आपण सांभाळून घेतो. तीही तपासणी झाली. सुमारे पंचेचाळीस वर्षांनी पुन्हा पाहणी केली, तिचा निष्कर्ष २०१७ साली आला. गेलेले मासे परत आले नव्हते. सार्जंट मात्र होता.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्याने १९८४ साली हाच मासा मुद्दाम, विचार करून, आपल्या कालव्यांत सोडला. हेतू हाच की, तिथे माजलेली चिलापी आणि इतर परके मासे त्याने खावेत. तिथले अधिकारी हा प्रयोग यशस्वी मानतात. पण त्यांच्याजवळ एक कुंपण होते. या माशाला गार पाणी सोसत नाही. पंधरा-सोळा अंशांच्या खाली पाणी गेले की तो मरतो. फ्लोरिडाच्या उत्तरेची थंडी त्याला वर सरकू देत नाही. आपल्या चांदा भागात कुठले आले असे कुंपण? आपल्याकडे उन्हाने माणूस भाजतो. तलावाचे पाणी हिवाळ्यातही सहसा इतके गार होत नाही. नाल्यातून वर्धा, वर्धेतून प्राणहिता, प्राणहितेतून गोदावरी. एका बोडीचा सांडवा फुटला की पुढे समुद्रापर्यंत फाटक नाही. आणि त्या फ्लोरिडातही चिलापी संपली असे कोणी म्हणत नाही. आता तिथे दोन्ही आहेत.

केरळात २०१८ साली महापूर आला, तेव्हा मत्स्यपालनाच्या तळ्यांतून सुटलेले दक्षिण अमेरिकेचे मोठाले मासे नद्यांत सापडले. तळ्याला बांध होता, कुंपणही असेल. पुराने कोणाची परवानगी घेतली नाही.

उसाच्याच मळ्यातला धडा

मासोळी परकी वाटत असेल तर आपल्या उसाचेच उदाहरण घ्या. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड हा उसाचा प्रांत. तिथे उसाच्या मुळ्या खाणाऱ्या हुमणीने, आणि तिच्या भुंगेऱ्यांनी, शेतकऱ्याला रडवले. १९३५ साली तिथल्या ऊस संशोधकांनी हवाई बेटावरून सुमारे शंभर मोठे बेडूक आणले. मूळ बेडूक दक्षिण आणि मध्य अमेरिकेचा. तो हुमणी खाईल आणि ऊस वाचेल, असा हिशेब.

हिशेबात एवढेच राहून गेले की भुंगेरा उसाच्या शेंड्याला बसतो आणि हुमणी जमिनीत असते. बेडूक दोन्हीकडे पोचत नाही. तो हुमणी सोडून बाकी सगळे खाऊ लागला. त्याच्या अंगात विष, त्यामुळे त्याला खाणारे प्राणीच मरू लागले. आज तो बेडूक हजारो मैलांवर पसरला आहे, त्याची गणती कोटींनी करतात, आणि हुमणी अजून आहे. हे काम अडाण्यांनी केले नाही. तुमच्या-माझ्यासारख्या ऊस खात्याच्या शिकलेल्या माणसांनी केले. म्हणून मी जेव्हा "साहेब, सोडू का?" हा प्रश्न ऐकतो, तेव्हा मला त्या बेडकाची आठवण होते.

आता उलट उदाहरण. २००२ साली सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आला आणि बघता बघता राज्यभर पसरला. पाने पांढरी पडली. जुन्या मंडळींना आठवत असेल. फवारणी करून माणसे थकली. शेवटी उपयोगी पडले ते मित्रकीटक. डिफाची अळी आणि मायक्रोमस हे भक्षक मावा असेल तिथे वाढत होते. त्यांना एका शेतातून दुसऱ्या शेतात पोचवण्याचे काम कारखान्यांनी आणि शेतकऱ्यांनी केले. इथल्याच शिपायाला बळ दिले, बाहेरून फौज बोलावली नाही. फरक लक्षात घ्या. शत्रूला खाणारा प्राणी वापरूच नये, असे माझे म्हणणे नाही. तो दुसरे काय काय खाईल आणि नको झाला तर परत बोलावता येईल का, हे दोन प्रश्न आधी विचारावेत, एवढेच म्हणणे.

गरिबाचा घास

माझ्या मताविरुद्ध एक बळकट मुद्दा आहे, तो लपवणार नाही. भीमेवरच्या उजनी जलाशयात आज चिलापी मोठ्या प्रमाणावर निघते. भिगवणच्या बाजारात तिचा लिलाव होतो, कित्येक घरांची चूल तिच्यावर पेटते. रोहू महाग, मरळ त्याहून महाग. गरिबाच्या ताटात स्वस्त चिलापी पडली, तर साहेबाच्या पोटात का दुखावे?

दुखत नाही. जिथे ती आली आणि राहिली, तिथे लोकांनी ती पकडावी, खावी, विकावी. पकडली तेवढी चांगलीच. पण उजनी मोठा जलाशय आहे, आपल्याकडची दोन-चार हेक्टरांची तळी नव्हेत. लहान तळ्यात चिलापी खुरटते आणि खुरटलेल्या चिलापीला गिऱ्हाईक नाही. आणि दुसरे असे की, बोडी माझी असली तरी नाला माझा नाही. माझ्या प्रयोगाचा फायदा पहिल्या वर्षी मला मिळाला. तोटा खालच्या गावातल्या त्या ढिवराने सोसला. त्याच्याकडे जमीन नाही, शेअर नाही, कारखान्याची पावती नाही. जाळे आणि तलावाचा ठेका, एवढीच त्याची इस्टेट. आपण सहकाराचे नाव घेतो. वरच्याने सोडायचे आणि खालच्याने भोगायचे, याला सहकार म्हणत नाहीत.

आणि आपला तर तलावाशी जुना ऋणानुबंध आहे. चांदा-भंडारा भागात ऊस काही कारखान्याबरोबर आला नाही. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने इथे तलाव बांधले आणि त्यांच्या पाण्यावर ऊस पिकवला. तलाव बांधणाऱ्याला त्याखालची जमीन मिळे. मालगुजारी १९५१ साली संपली. तलाव सरकारजमा झाले आणि आपण त्यांना 'मामा तलाव' म्हणू लागलो. मामाच्या घरी भाच्याने हक्काने जावे, पण विहिरीत घाण टाकू नये.

या तलावांवर परक्यांची स्वारी आधीच झाली आहे. काठावरची बेशरम दक्षिण अमेरिकेची. पाण्यावरची जलपर्णीही तिकडचीच. बांधावरचे गाजरगवत अमेरिका खंडातूनच आलेले. तिन्हींना आपण शिव्या देतो आणि चौथा पाहुणा डब्यात घालून स्वतःच्या हाताने सोडायला निघतो!

पण निराश होण्याचे कारण नाही. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर बांधवांना बरोबर घेऊन काही तलावांतली बेशरम उपटली, पाण्यातल्या देशी वनस्पती पुन्हा लावल्या आणि स्थानिक मासोळीला जागा करून दिली. कुठली वनस्पती कुठल्या मासोळीच्या अंड्याला आसरा देते, हे ज्ञान पुस्तकात नव्हते, ते ढिवरांच्या घरात होते. आमच्यासारख्या पदविकावाल्यांनी तिथे शिकायला जावे.

मग करावे काय?

आपण उसाचे बेणे कसे घेतो? मूलभूत, पायाभूत, प्रमाणित, अशा तीन टप्प्यांनी. उष्णतेची प्रक्रिया करतो. काणी आणि गवताळ वाढ दिसली तर बेट उपटतो. दारावर आलेल्या कुणाही ट्रकमधले बेणे आपण 'को ८६०३२ आहे' या तोंडी शब्दावर लावत नाही. मग मासोळीचे बीज डब्यातून, टेंपोतून, नाव-गाव न विचारता का घ्यावे? माझी मते मी थोडक्यात मांडतो.

१) काचेच्या पेटीतला कुठलाही मासा बोडीत, तलावात, नाल्यात किंवा विहिरीत सोडू नये. नको झाला तर दुकानात परत द्यावा, दुसऱ्या हौशी माणसाला द्यावा किंवा घरच्या हौदात ठेवावा. दया करायची असेल तर त्याच्यावर करा, सगळ्या तलावाच्या जिवावर नको.

२) बोडीत मत्स्यपालन करायचे तर रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली मत्स्यव्यवसाय खात्याच्या किंवा नोंद असलेल्या केंद्रावरूनच घ्यावीत. त्यात दुसरे पिल्लू मिसळले आहे का, ते परातीत ओतून पाहावे. आफ्रिकी मांगूर तर मुळीच घेऊ नये. त्यावर २००० सालापासून बंदी आहे.

३) चिलापी पाळायचीच असेल तर परवानगी काढून, सर्व अटी पाळून, आणि पुराचे पाणी पोचत नाही अशा बंदिस्त तळ्यातच पाळावी. नाल्यालगतच्या बोडीत नको.

४) ज्यांच्या बोडीत चिलापी माजली आहे, त्यांनी उन्हाळ्यात पाणी पूर्ण उपसून तळाला भेगा पडेपर्यंत वाळवावे. डबक्यात उरलेली दोन-चार जोडपीही पुरेशी होतात. पाणी निघतच नसेल तर मोहाच्या ढेपेचा उपाय आहे. एक हेक्टर तळ्यात एक मीटर पाणी असेल तर २,००० ते २,५०० किलो ढेप लागते. तिचा अंमल दोन-तीन आठवडे राहतो, पुढे तिचेच खत होते. मात्र हा उपाय फक्त स्वतःच्या बंद बोडीत, जनावरे दूर ठेवून आणि खात्याच्या सल्ल्याने करावा. वाहत्या पाण्यात किंवा गावतलावात कधीही करू नये.

५) सांडव्याला आणि पाट फुटतो तिथे बारीक जाळी लावावी आणि पावसाळ्यापूर्वी तपासावी. माझी एक जाळी त्या वर्षी असती, तर आज हा लेख लिहावा लागला नसता.

६) आणि शेवटचे. तलावाच्या वरच्या अंगाला ज्यांच्या बोड्या आहेत, त्यांनी पाण्यात काही नवे सोडण्यापूर्वी खालच्या मच्छीमार सोसायटीला विचारावे. गट बैठकीला त्यांच्या दोघा-तिघांना बोलवावे. चहा कारखान्याचा, बोलणे त्यांचे.

कोणाला या मतांत चूक दिसली तर त्यांनी गट कार्यालयात येऊन सांगावे किंवा संपादकांकडे पत्र पाठवावे. मी ऊस विकासाचा माणूस आहे, मत्स्य खात्याचा नव्हे. पण चुकलेल्या माणसाला त्या वाटेवरचे खड्डे ठाऊक असतात.

त्या तीन माशांचे काय झाले, असे विचाराल. सभासदांनी डबा परत नेला. पोराशी बोलून घराच्या अंगणातल्या सिमेंटच्या हौदात मासे ठेवले आहेत. शाळेची मुले बघायला येतात. मीही जाऊन आलो. मासा देखणा आहे, माणूस जवळ गेला की वर येतो आणि हातातले खातो. त्याचा काहीच अपराध नाही. त्याला हौद पुरे.

माझी बोडी मी गेल्या तीन उन्हाळ्यांत तीनदा कोरडी केली. यंदाच्या पावसाळ्यात नाल्यातून काय चढते ते पाहायचे आहे. जाळीच्या अलीकडे एक जरी मरळ आपल्या लालसर पिलांचा थवा घेऊन दिसली, तर त्या म्हाताऱ्या ढिवराला बोलावून दाखवीन. तो असला तर.